प्लग-इन हायब्रिड गाडी विजेवर जास्तीत जास्त कशी चालवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी नवीन असताना पडणारे साधे प्रश्न आधी घेतले आहेत, आणि चार-सहा महिने चालवल्यावर जे खटकायला लागतं ते नंतर. विजेचा हिशेब सगळीकडे युनिटमध्ये आहे. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. गाडीचं मॅन्युअल मात्र जवळ ठेवा, कारण मोडची नावं आणि बटणं प्रत्येक कंपनीची निराळी.

१. साधी हायब्रिड आणि प्लग-इन हायब्रिड यात फरक काय?

साध्या हायब्रिडची बॅटरी अगदी छोटी, बहुतेक गाड्यांत एक-दीड युनिटची. ती फक्त इंजिन आणि ब्रेक यांच्यातून भरते, म्हणजे शेवटी सगळी ऊर्जा पेट्रोलचीच. प्लग-इनची बॅटरी त्याच्या दहापट वगैरे मोठी असते आणि ती भिंतीवरच्या प्लगमधून भरता येते. ती संपेपर्यंत गाडी इलेक्ट्रिक, संपल्यावर साधी हायब्रिड. प्लग कधीच लावला नाही, तर तुम्ही जड बॅटरी वाहून नेणारी एक साधी हायब्रिड चालवताय, एवढंच.

२. एका चार्जमध्ये विजेवर किती किलोमीटर मिळायला हवेत?

बॅटरी केवढी आहे त्यावर. २०११ ची शेव्हरोले व्होल्ट १६ युनिटच्या बॅटरीवर अमेरिकी चाचणीत ५६ किलोमीटर जायची. २०२३ ची टोयोटा प्रायस प्राइम १३.६ युनिटमध्ये ७१ पर्यंत जाते. २०२३ ची मित्सुबिशी आउटलँडर आकाराने आणि वजनाने मोठी, म्हणून २० युनिट असूनही ६१. मर्सिडीजच्या जीएलसीसारख्या काही गाड्यांत ३० युनिटच्या वरची बॅटरी आहे आणि युरोपीय चाचणीत त्या शंभरी ओलांडतात.

ढोबळ हिशेब असा: मध्यम आकाराची गाडी एका युनिटात ५ ते ७ किलोमीटर जाते. पण गुणाकार वापरता येण्याजोग्या युनिटांशी करा, छापलेल्या आकड्याशी नको. बॅटरी टिकावी म्हणून कंपनी वरचा आणि खालचा थोडा भाग राखून ठेवते. पहिल्या व्होल्टमध्ये १६ पैकी सुमारे १० च युनिट चालकाच्या वाट्याला यायची.

३. कंपनीने सांगितलेले किलोमीटर मला मिळत नाहीत. गाडीत काही बिघाड आहे का?

बहुतेक वेळा नाही. कंपनीचा आकडा चाचणीतला असतो: ठरावीक तापमान, ठरावीक वेग, सपाट रोलर. युरोपात २०१७ पासून जुन्या चाचणीच्या जागी डब्ल्यूएलटीपी आली. ती जुनीपेक्षा बरीच प्रामाणिक, तरी ईपीएचा (अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संस्थेचा) आकडा त्याच गाडीला सहसा कमीच येतो. दोन गाड्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच चाचणीचे आहेत ना, एवढं बघा.

चांगल्या हवामानात, मध्यम वेगात, ईपीएच्या आकड्याच्या आसपास पोचायला हरकत नाही. त्याहून बरंच कमी मिळत असेल तर आधी वेग (प्रश्न ६), हीटर (प्रश्न ७) आणि टायर (प्रश्न १३) तपासा. सर्व्हिस सेंटर त्यानंतर.

४. कागदावर पेट्रोलचं ॲव्हरेज अफाट दाखवलंय. माझं त्याच्या निम्मंही येत नाही. हे कसं?

तो आकडा गाडीपेक्षा चालकाबद्दलच्या गृहीतकावर उभा आहे. चाचणी आधी विजेवरचे किलोमीटर मोजते, मग ‘लोक इतके टक्के अंतर विजेवर कापतील’ असं धरून सरासरी काढते. लोक तितका प्लग लावत नाहीत. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरच्या गाड्यांतून गोळा केलेली माहिती मांडली. त्यात प्लग-इन हायब्रिडचं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघालं. त्याच युरोपात आता हे गृहीतक कडक केलं आहे.

आमचं सरळ मत: या गाडीत लिटरमागचं ॲव्हरेज मोजण्यात अर्थ नाही. महिन्याच्या एकूण किलोमीटरपैकी किती विजेवर झाले ते मोजा. बहुतेक गाड्यांच्या ट्रिप मीटरवर ते दिसतं, आणि सुधारणा करायची तर तोच आकडा सुधारायचा.

५. पूर्ण चार्ज केल्यावर डॅशबोर्ड कधी ६० दाखवतो, कधी ४५. बॅटरी तीच ना?

बॅटरी तीच, अंदाज वेगळा. तो आकडा म्हणजे तुम्ही गेल्या काही दिवसांत कशी चालवलीत, यावरून गाडीने बांधलेला अंदाज. काल हायवेवर १२० ने गेलात तर आज सकाळी गाडी कमी किलोमीटर दाखवणारच. हीटर चालू करताक्षणी आकडा पाच-सातने खाली आला तर घाबरू नका. बंद करून पुन्हा बघा, तो वर येईल. टक्केवारी किंवा प्रति शंभर किलोमीटर युनिट हा जास्त भरवशाचा आकडा.

६. विजेवर कुठला वेग सर्वांत चांगला?

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० च्या ऐवजी १०० ने गेलात तर हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी जास्त. १२० ने गेलात तर सव्वादोनपट. टायरचा विरोध फारसा बदलत नाही, त्यामुळे एकूण खर्च तितकाच वाढेल असं नाही, पण ९० च्या वर गेल्यावर हवाच राजा. विजेवर शंभरच्या पुढे जाणं म्हणजे मोजके किलोमीटर उधळणं.

खालच्या टोकाला उलटा प्रकार होतो. ताशी १५–२० ने रांगताना हवेचा विरोध जवळपास शून्य, पण एसी, दिवे, पंप, स्क्रीन तासाच्या हिशेबाने वीज खातच असतात. सगळं जमेस धरलं तर ताशी ४० ते ६० चा, न थांबता जाणारा रस्ता या गाडीला सर्वांत मानवतो. दोन रस्ते उपलब्ध असतील, एक हायवेचा आणि एक गावातला, तर विजेवर असताना किंचित लांबचा गावातला रस्तासुद्धा स्वस्त पडू शकतो.

७. एसी आणि हीटर यांनी खरोखर एवढा फरक पडतो?

एसीने मध्यम, हीटरने प्रचंड. इंजिनवरच्या गाडीत हीटर जवळपास फुकट असतो, कारण इंजिनची वाया जाणारी उष्णताच केबिनमध्ये येते. विजेवर चालताना ती उष्णता नसतेच. ती विजेपासून बनवावी लागते.

आकड्यांत बघा. गाडी तापवायला साधा इलेक्ट्रिक हीटर सुरुवातीला ४ किलोवॉट घेतो असं धरू. ताशी ६० ने जात असाल तर किलोमीटरमागे ६७ वॉट-तास जादा. ताशी २० ने गर्दीतून रांगत असाल तर किलोमीटरमागे २००, म्हणजे गाडी चालवायला लागते तेवढीच वीज नुसत्या गरम हवेला. थंडीत गावात फिरताना पल्ला निम्म्यावर येतो तो असा. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारं यंत्र) असलेल्या गाड्या त्याच गरमीसाठी बऱ्याच कमी विजेत भागवतात. गाडी घेण्याआधी हा प्रश्न जरूर विचारा. एसी एकदा केबिन थंड झाली की सहसा एक किलोवॉटच्या आत राहतो.

उपाय तीन, आणि तिन्ही बिनत्रासाचे. पहिला: गाडी प्लगला असतानाच ॲपवरून किंवा टायमरने केबिन गरम किंवा थंड करून घ्या, म्हणजे ती वीज भिंतीतून जाते, बॅटरीतून नाही. दुसरा: सीट हीटर आणि स्टीअरिंग हीटर वापरा; सीटला शंभर वॉटच्या आसपास लागतात, हजारांत नाही. तिसरा: तापमान दोन अंश इकडे-तिकडे चालवून घ्या. कुडकुडत बसा असं कुणी सांगत नाहीये. काच धूसर झाली तर डिफ्रॉस्टर लावायचाच, तिथे विजेचा हिशेब करायचा नाही.

८. ईव्ही मोड (फक्त विजेवर चालण्याचा) लावलाय, बॅटरी भरलेली आहे, तरी इंजिन मधेच सुरू होतं. का?

आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. कारणं अनेक आहेत आणि सगळी गाडीच्या दृष्टीने रास्त:

- एक्सलरेटर तळापर्यंत दाबला. मोटर एकटी तेवढी ताकद देऊ शकत नाही, किंवा गाडीला तुम्ही घाईत आहात असं वाटतं. अनेक गाड्यांच्या पेडलला शेवटी एक खटका जाणवतो. त्याच्या अलीकडे पाय थांबवा.
- बॅटरी फार थंड किंवा फार तापलेली. अशा वेळी तिच्यातून पूर्ण ताकद काढता येत नाही.
- केबिनला उष्णता हवी आहे आणि गाडीत पुरेसा इलेक्ट्रिक हीटर नाही. काही गाड्यांत डिफ्रॉस्टरचं बटण दाबलं तरी इंजिन लागतं. व्होल्टमध्ये बाहेर कडाक्याची थंडी असली की इंजिन आपण होऊन सुरू व्हायचं.
- वेगाची मर्यादा. काही मॉडेल ठरावीक वेगानंतर इंजिनला बोलावतात.
- इंजिनची देखभाल किंवा जुनं पेट्रोल. ते प्रश्न १७ मध्ये.

इथे एक चिडवणारी गोष्ट आहे. थंड इंजिन एकदा सुरू झालं की ते लगेच बंद होत नाही. इंजिन आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिस्ट गरम होईपर्यंत चालतं. एका सेकंदाच्या जोरदार पिकअपची किंमत दोन-चार मिनिटांचं पेट्रोल. म्हणून ओव्हरटेकला खरंच इंजिन लागणार असेल तर निवांत घ्या, आणि ते तापलेलं असेपर्यंत पुढचा चढ किंवा हायवेचा तुकडा त्याच्यावरच काढा.

९. ईव्ही, ऑटो, सेव्ह, चार्ज: कुठला मोड कधी?

रोजचा प्रवास एका चार्जच्या आत असेल तर ईव्ही, आणि विषय संपला. ऑटोमध्ये गाडी स्वतः ठरवते. काही गाड्या नेव्हिगेशनमध्ये ठिकाण टाकल्यावर विजेची वाटणी फार चांगली करतात, काही उगाच इंजिन लावतात. दोन आठवड्यांत तुमची कुठली ते कळेल.

सेव्ह (काहींत होल्ड) हा खरा कामाचा मोड आणि लोक तोच विसरतात. बॅटरी आहे तिथे ठेवून इंजिनवर चालायचं. वापर कसा, ते प्रश्न १० मध्ये.

चार्ज मोड म्हणजे चालत्या गाडीत इंजिनने बॅटरी भरणं. पेट्रोलपासून वीज, विजेपासून रसायन, रसायनापासून पुन्हा वीज आणि मग चाक. प्रत्येक पायरीवर गळती. विजेवरचे किलोमीटर वाढल्यासारखे दिसतात, पण ते पेट्रोलचेच, आणि महाग. पुढे इंजिन बंद ठेवणं सक्तीचं असलेला भाग असेल, किंवा मोठा घाट चढायला मोटरची साथ हवी असेल, तरच.

१०. लांबच्या प्रवासात वीज आधी वापरू की शेवटी?

आधी किंवा शेवटी असं नाही. जिथे गती कमी तिथे. घरापासून हायवेपर्यंत विजेवर, हायवेला लागल्यावर सेव्ह, मुक्कामाच्या गावात शिरताना परत विजेवर. इंजिन स्थिर वेगात आपलं सर्वांत चांगलं काम करतं, मोटर थांबत-चालत.

फक्त एक पाहा: मुक्कामाला चार्जिंग असेल तर पोचताना बॅटरी रिकामी हवी. ३० टक्के वाचवून प्लगपाशी पोचणं म्हणजे तेवढं पेट्रोल विनाकारण जाळलं. जपून ठेवलेली वीज पुष्कळांना श्रीमंती वाटते, पण ती वापरली तरच बचत.

११. ब्रेक, बी मोड आणि न्यूट्रल: गतीतली ऊर्जा परत कशी मिळवायची?

तुम्ही ब्रेक हलका दाबता तेव्हा आधी मोटर जनरेटर होते आणि वीज बॅटरीत जाते. ब्रेक पॅड नंतर, जोरात दाबल्यावर. पुढचा सिग्नल लाल दिसला की काय करायचं ते पॉवर मीटरवर नजर ठेवून एकदा करून बघा. दोनशे मीटर आधी पाय उचला, काटा शून्याच्या जवळ येतो आणि गाडी घरंगळते. मग ब्रेकवर पाय नुसता टेकवा, काटा हिरव्या पट्ट्यात जातो. पट्ट्याच्या टोकाला जाऊन काटा अडला आणि तरी पाय आणखी दाबलात, तर त्यापुढची सगळी उष्णता, म्हणजे वाया. तो काटा हिरव्यात ठेवून गाडी सिग्नलला बरोबर उभी करता आली की काम जमलं.

बी मोड किंवा स्टीअरिंगमागच्या पाकळ्या ही वसुली पाय उचलताच सुरू करतात. सोयीचं, पण वसुली वाढते असं नाही. ब्रेकने तेच होतं. मोकळ्या रस्त्यावर तर घरंगळू देणं दोन्हींपेक्षा चांगलं, कारण परत मिळवलेल्या विजेत प्रत्येक वेळी थोडी घट असते. न्यूट्रलमध्ये टाकू नका: वसुली बंद होते आणि ताबाही कमी होतो.

१२. एक्सलरेटर अगदी हळू दाबायला हवा का?

इंजिनच्या गाडीइतकं त्याचं महत्त्व इथे नाही. सिग्नलवरून सर्वसाधारण वेगाने निघालात तर मोटरला फारसा फरक पडत नाही. मागच्यांना ताटकळत ठेवून गोगलगायीच्या गतीने निघणाऱ्यांना त्यातून हाती काही लागत नाही. पुढे लगेच ब्रेक मारावा लागणार असताना वेग घेणं, हे मात्र नुकसानीचं. आणि इंजिन जागं होईल इतका जोर नको (प्रश्न ८).

१३. टायर, वजन, वरचं कॅरिअर?

हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की सुमारे एक पीएसआय कमी होतो, म्हणून थंडीच्या सुरुवातीला जरूर. दारावरच्या पट्टीवर लिहिलेला दाब ठेवा. पल्ला वाढावा म्हणून फुगवून ठेवणं हे पकडीशी खेळणं आहे.

चाकांच्या आकाराचं कुणी सांगत नाही. २०२३ च्या प्रायस प्राइमला ईपीएच्या चाचणीत १७ इंची चाकांवर ७१ किलोमीटर मिळाले, आणि १९ इंची चाकं व जास्तीचा साज असलेल्या वरच्या व्हेरियंटला ६३. गाडी तीच, बॅटरी तीच. टायर बदलल्यावर अचानक पल्ला घटला अशी तक्रार आली की आम्ही आधी नव्या टायरचं मॉडेल विचारतो. रिकामं कॅरिअर काढून ठेवा. डिकीतलं दहा-वीस किलो सामान असू द्या, त्याने काही बिघडत नाही.

१४. रोज चार्ज करू का? अर्धी बॅटरी असताना प्लग लावला तर चालतो?

चालतो, आणि लावावाच. मोबाइलच्या जुन्या बॅटरीसारखी ‘आधी पूर्ण संपव’ ही सवय इथे नको. या गाडीत पल्ला वाढवण्याचा सर्वांत मोठा उपाय ड्रायव्हिंगमध्ये नाहीच, तो दुसऱ्या प्लगमध्ये आहे. ५० किलोमीटरची गाडी घरी आणि कामाच्या ठिकाणी अशी दोनदा भरली, तर दिवसाचे १०० विजेवर होतात. कितीही नाजूक पाय ठेवून ५० चे १०० करता येत नाहीत.

जमलं तर चार्जिंग निघण्याच्या थोडं आधी संपेल असा टायमर लावा. बॅटरी भरलेल्या अवस्थेत कमी वेळ राहते, आणि थंडीत कोमट असते.

१५. फास्ट चार्जरवर नेता येईल का?

बहुतेक प्लग-इन हायब्रिडना डीसी फास्ट चार्जिंगची सोय नसते. आउटलँडर हा ठळक अपवाद. गाडीतला चार्जर बहुधा ३.३ ते ७ किलोवॉटचा असतो, त्यामुळे भिंतीवरचं यंत्र २२ चं असलं तरी गाडी आपल्या मर्यादेतच घेणार. १३.६ युनिटची बॅटरी ३.३ किलोवॉटवर चार-साडेचार तासांत भरते. रात्रीचा साधा प्लग पुरतो.

१६. बॅटरी १० युनिटची वापरली, पण मीटरवर साडेअकरा पडले. चोरी?

नाही. भिंतीतून येणाऱ्या एसी करंटचं बॅटरीला लागणाऱ्या डीसी करंटमध्ये रूपांतर करताना आणि बॅटरी भरताना १० ते १५ टक्के जातात. फार कमी करंटवर चार्ज केलं तर जास्तच, कारण चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतले पंप आणि कॉम्प्युटर जागे असतात. खर्च काढताना मीटरचा आकडा घ्या, डॅशबोर्डचा नको.

१७. मी महिनोन्‌महिने विजेवरच चालवतो. पेट्रोल खराब होईल?

होऊ शकतं, आणि बनवणाऱ्यांना ते माहीत आहे. व्होल्टमध्ये इंजिन साधारण दीड महिना चाललंच नाही तर गाडी देखभालीसाठी ते थोडा वेळ चालवायची, आणि टाकीतलं पेट्रोल सरासरी वर्षापेक्षा जुनं झालं की ते जाळून संपवायची. तुमच्या गाडीत असा संदेश आला तर तो टाळू नका. टाकी काठोकाठ भरू नका, पाव-अर्धी ठेवा. इंजिन ऑइल मात्र किलोमीटर कमी झाले तरी मॅन्युअलमधल्या मुदतीप्रमाणे बदला.

१८. घाटावर राहतो. सकाळी पूर्ण चार्ज, लगेच उतार. गाडी ब्रेकला वीज घेत नाही असं दिसतं.

बरोबर दिसतं. बॅटरी भरलेली असेल तर उताराची वीज ठेवायला जागा नाही. काही गाड्या त्या वेळी इंजिन नुसतंच फिरवून वेग आवरतात. गाडीत चार्जची मर्यादा लावता येत असेल तर ८०–८५ टक्क्यांवर थांबवा. नसेल तर टायमर लावून चार्जिंग लवकर थांबवा. फार थंड बॅटरीही अशीच वीज नाकारते.

चढाचा हिशेब: १,८०० किलोची गाडी १०० मीटर उंच न्यायला अर्धं युनिट लागतं, म्हणजे सपाटीवरचे सुमारे तीन किलोमीटर. हजार मीटरच्या घाटाला पाच युनिट, शिवाय रस्त्याचा नेहमीचा खर्च. उतारावर यातलं सगळं परत येत नाही, पण बरंचसं येतं.

१९. चार वर्षांत पल्ला घटलाय. बॅटरी गेली?

थोडी घट स्वाभाविक आहे. छोटी बॅटरी रोज पूर्ण भरते आणि रिकामी होते, म्हणून तिच्या फेऱ्या मोठ्या इलेक्ट्रिक गाडीपेक्षा जास्त होतात. तुलना करताना मागच्या वर्षीच्या त्याच ऋतूशी करा. उन्हाळ्याचा आकडा हिवाळ्याशी लावला की सगळ्यांनाच बॅटरी मेल्यासारखी वाटते. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर अर्ध्या चार्जवर, सावलीत ठेवा. वॉरंटीत क्षमतेचा उल्लेख असेल तर मोजणी सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या.

२०. सगळं केलं, तरी रोजचा प्रवास विजेपेक्षा दहा किलोमीटरने लांब आहे. ते दहा कुठे घालवू?

शेवटी, घराजवळच्या गल्ल्यांत, बॅटरी संपल्यावर आपोआप जाऊ देऊ नका. तिथे थंड इंजिन तापेपर्यंत तुम्ही पोचलेले असता. ते दहा किलोमीटर मधल्या सर्वांत वेगवान तुकड्यात, सलग, सेव्ह मोडवर काढा. हिवाळ्यात सकाळच्या फेरीत काढलेत तर त्याच इंजिनच्या उष्णतेवर केबिनही तापते, आणि हीटरची वाचलेली वीज मोजलीत तर बरेचदा असं दिसतं की दहा नव्हे, सहा-सातच किलोमीटर इंजिनवर काढायला लागतात.